धाव, हिवाळा आणि एक फिनिश घोडेस्वार

बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी कडी चढवतात, तिला आपल्याकडे 'धाव' असा सुरेख शब्द आहे. लोहार ती तापवून फुगवतो, चाकावर बसवतो आणि वरून पाणी ओततो. थंड होताना धाव आकसते आणि तुंबा, आरे, लाकडी घेर यांना करकचून आवळते. थंडीने चाक पक्के होते. रबरी टायरचा स्वभाव मात्र नेमका उलटा. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उतरले की उन्हाळी टायरचे रबर ताठर होऊ लागते आणि रस्त्यावरची त्याची पकड सुटू लागते. त्यासाठी बर्फ पडलेला असण्याचीही गरज नसते. हिवाळी टायरचा इतिहास म्हणजे या ताठरपणावर माणसाने शोधलेल्या उपायांचा इतिहास, असे वरवर पाहता वाटते. तो एका वादाचाही इतिहास आहे.

डनलॉप यांचा हवेचा टायर १८८८चा. १९०४ साली न्यूयॉर्कच्या हॅरी वीड यांनी चाकाला गुंडाळायच्या साखळ्यांचे पेटंट घेतले. पण साखळी हा वेळप्रसंगाचा उपाय. चार-पाच महिने बर्फात काढणाऱ्या देशाला तो पुरणार कसा? १९३४ साली फिनलंडमधील नोकिया या गावच्या रबर कारखान्याने मालमोटारींसाठी खास हिवाळी टायर बनवला आणि १९३६ साली प्रवासी मोटारींसाठी 'लुमी-हाक्कापेलीट्टा' आणला. (आपल्या हातात कधीकाळी असलेल्या फोनचे नाव याच गावाचे, रबर कारखाना आणि तो उद्योग १९६७ साली एकत्र आले, १९८८ साली टायरचा धंदा वेगळा झाला.)

'लुमी' म्हणजे बर्फ. 'हाक्कापेलीट्टा' हा शब्द मात्र थेट रणांगणावरून आला आहे. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनच्या राजा गुस्ताव आडोल्फच्या सैन्यात फिनिश घोडदळ होते. त्यांच्या 'हाक्का पॅल्ले', म्हणजे 'तुटून पडा', या आरोळीवरून त्यांना हे नाव पडले. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होता. म्हणजे पराक्रम फिनिश आणि राज्य दुसऱ्याचे. एकोणिसाव्या शतकात तोपेलिउस या लेखकाने आपल्या ऐतिहासिक कथामालेतून तो काळ वाचकांच्या मनात पुन्हा जागवला. १९१७ साली स्वतंत्र झालेल्या देशातील कारखान्याने अवघ्या एकोणीस वर्षांनी आपल्या मालाला हे नाव द्यावे, यात निव्वळ विक्रीची युक्ती पाहणे मला अपुरे वाटते. आपल्याकडे 'हर हर महादेव' नावाचा टायर निघाला असता तर आपण हसलो असतो की भारावलो असतो, हे सांगणे कठीण आहे.

१९६०च्या दशकात टायरमध्ये धातूचे खिळे आले. टोकाला टंगस्टन कार्बाइडसारखा कठीण पदार्थ असलेला खिळा काचेसारख्या बर्फात रुततो आणि चालकाचा जीव वाचवतो. परंतु बर्फ वितळल्यावर तोच खिळा कोरड्या डांबरावर घासतो. रस्ता झिजतो, त्याची पूड होते आणि ती पादचाऱ्याच्या नाकातोंडात जाते. सुरक्षा एकाची, किंमत दुसऱ्याची! अमेरिकेतील मिनेसोटाने १९७१ साली आणि पश्चिम जर्मनीने १९७५ साली खिळ्यांना मनाई केली. जपानमधील सेंदाई शहरात या धुळीने नागरिक इतके हैराण झाले की तिच्यासाठी 'शाफुन', म्हणजे गाडीची पूड, असा शब्द रूढ झाला. तक्रारीला नाव मिळाले की तिला बळ येते. १९८५ साली मियागी प्रांताने नियम केला आणि १९९० साली राष्ट्रीय कायदा झाला. दरम्यान, १९८८ साली ब्रिजस्टोनने खिळ्यांविना बर्फावर चालणारा ब्लिझॅक आणला होता. त्याचे सूक्ष्म छिद्रांचे रबर थंडीतही मऊ राहते आणि बर्फावरचा पाण्याचा पातळ थर शोषून घेते. तंत्रज्ञान आधी आणि कायदा मागून, हा नेहमीचा क्रम इथे पुरता लागू पडत नाही. दोघांनी एकमेकांना ढकलले.

हा वाद सामान्य कुटुंबाच्या सेडानपर्यंत पोचतो तो चाकांच्या रूपाने. १९२४च्या बुगाटी टाइप ३५ला ओतीव ॲल्युमिनियमची चाके होती. ती शर्यतीची ऐट पुढे घरगुती गाड्यांनाही हवीशी झाली. पण थंड देशांत रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मिठाने मिश्रधातूची चमक जाते. म्हणून जाणता मालक बाजारातून साध्या पोलादी रिम्सचा दुसरा संच घेतो, त्यांवर हिवाळी टायर कायमचे बसवतो आणि वर्षातून दोनदा चारही चाके बदलतो. चारही, कारण पुढचीच दोन बदलली तर वळणावर गाडीची मागची बाजू घसरते. बाहेरचे रिम घेताना बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या छिद्राचे माप आणि चाक आतबाहेर किती बसते हे जुळावेच लागते. छिद्र मोठे असेल तर मध्ये कडी घालतात, नाहीतर स्टीअरिंग थरथरते. हिवाळ्यात रिम थोडे लहान आणि टायरची भिंत उंच घेतात, मात्र एकूण घेर तोच ठेवावा लागतो, नाहीतर वेगमापक खोटे बोलू लागतो. रिम फारच लहान घेतले तर ते ब्रेकवर अडते. शिवाय थोडे अंतर चालवून झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. इथे लोहाराची धाव आठवते. तिला आवळण्याचे काम थंडीच करत असे.

फिनलंडमध्ये खिळ्यांना मर्यादित स्वरूपात आजही मुभा आहे. पण २०२२ साली हेलसिंकीने धूळ आणि आवाज कमी करण्यासाठी एका रस्त्यावर खिळ्यांच्या टायरना प्रायोगिक बंदी घातली. त्या रस्त्याचे नाव लोन्नरोटिनकातू, म्हणजे लोकगीते गोळा करून 'कालेवाला' सिद्ध करणाऱ्या एलिआस लोन्नरोट यांचा रस्ता.