लाल खलसे ते ‘ड्वार्फ गुरामी’ : पुण्याच्या काचपेटीतील एका माशाची दोनशे वर्षे

धागा.

बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. अंगावर तांबड्या आणि निळ्या रंगाचे आलटून पालटून आलेले तिरके पट्टे. पोटाखालून पुढे आलेले दोन दोऱ्यांसारखे पर. आंधळ्याने काठी टेकवावी तसा तो या परांनी समोरची वनस्पती, दगड, शेजारचा मासा चाचपून पाहतो. पुण्यातील मत्स्यदुकानांत तो ‘ड्वार्फ गुरामी’ या नावाने मिळतो, आणि नावावरून अनेकजण त्याला परदेशी समजतात. मात्र त्याच्या शास्त्रीय नावात, ‘ट्रायकोगॅस्टर लालियस’मध्ये, एक अस्सल भारतीय शब्द दडलेला आहे. बंगालमध्ये या कुळातील माशांना ‘खलसे’ म्हणतात. हा लाल खलसे. त्या ‘लाल’लाच लॅटिन शेपूट जोडून ‘लालियस’ झाले.

ही जोडणी करणारा फ्रान्सिस बुकानन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील स्कॉटिश वैद्य होता. १८०७ ते १८१४ या काळात त्याने बंगाल प्रांताची पाहणी केली. शेती, जाती, देवळे, बाजारभाव यांच्या नोंदी करता करता तो कोळ्यांच्या जाळ्यांतील मासेही पाहत गेला आणि त्यांची चित्रे काढवून घेत गेला. १८१५ मध्ये तो मायदेशी निघाला तेव्हा ती चित्रे सोबत नेण्यास सरकारने त्याला मनाई केली. कंपनीच्या पगारावर काढलेली चित्रे कंपनीची, असा तो न्याय. परतल्यावर मातुल घराण्याची मालमत्ता मिळाल्याने त्याने ‘हॅमिल्टन’ हे आडनाव घेतले. त्याच नावाने १८२२ मध्ये एडिंबरो येथे गंगा आणि तिच्या फाट्यांतील माशांवरचा त्याचा ग्रंथ निघाला. लाल खलसे त्यात आहे. मधाच्या रंगाचा, त्याहून लहान ‘चुना’ही आहे, आज दुकानदार त्याला ‘हनी गुरामी’ म्हणतात.

मग ‘गुरामी’ आले कोठून? तो शब्द जावा बेटावरचा, आणि तोही एका भल्या मोठ्या, खाण्याच्या माशाचा. फ्रेंच निसर्गअभ्यासक कोमर्सन याने तो मासा मॉरिशसमध्ये पाहिला. त्याच्या टिपणांच्या आधारे लासेपेद याने १८०१ मध्ये त्याला ‘ऑस्फ्रोनेमस गोरामी’ असे नाव दिले. पुढे त्या कुळातील लहानसहान माशांनाही तेच नाव चिकटले आणि बंगालचा खलसे जावाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. नावांच्या इतिहासात असे अन्याय नेहमीचेच.

आता काचपेटीकडे वळू. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडले ते १८५३ मध्ये. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघर पोहोचवला. त्या काळी विजेचे हवापंप नव्हते. साचलेल्या पाण्यातील प्राणवायू संपला की मासे पृष्ठभागाशी तोंडे उघडी टाकून मरत. उष्ण प्रदेशातील मासा जहाजातून जिवंत पोहोचवणे तर फारच अवघड.

ही अडचण खलसेच्या कुळाने सोडवली. या माशांच्या कल्ल्यांच्या वरच्या बाजूस हाडांच्या घड्यांचा, रक्तवाहिन्यांनी मढवलेला एक अवयव असतो. त्याची रचना चक्रव्यूहासारखी वळणावळणांची, म्हणून त्याचे नाव लॅबिरिंथ. मासा वर येतो, हवेचा घोट घेतो आणि ती हवा या घड्यांत साठवतो. बंगालमधील भाताची खाचरे, उन्हाळ्यात आटत जाणारी तळी, सडत्या पानांनी काळवंडलेले पाणी यांत टिकून राहण्यासाठी घडलेली ही योजना योगायोगाने काचेच्या हवाबंद युगालाही उपयोगी पडली. पॅरिसच्या पिएर कार्बोनिए याने १८६९ मध्ये चीनहून आलेल्या याच कुळातील ‘पॅरडाइज’ माशांची पैदास केली. १८७० च्या दशकात गंगेच्या खोऱ्यातील खलसेही त्याच्या टाक्यांत पोहोचले.

कार्बोनिएने पाहिलेला प्रकार आजही कोणत्याही घरी पाहता येतो. नर तोंडातून लाळेचे बुडबुडे सोडून पृष्ठभागावर फेसाचे घरटे बांधतो. लाल खलसे त्यात पाणवनस्पतींचे तुकडेही गुंफतो, त्यामुळे त्याचे घरटे इतरांपेक्षा मजबूत असते. मादीने अंडी दिली की ती नर घरट्यात गोळा करतो. मग राखण एकट्याची. मादीलाही तो हुसकावून लावतो. साधारण दीड दिवसात पिल्ले बाहेर येतात.

पुण्यात हा मासा पाळणाऱ्याने त्याचे मूळ गाव विसरू नये. पंप नसला तरी तो जगतो म्हणून त्याला बरणीत ठेवणे हा क्रूरपणा आहे. पन्नास-साठ लिटरची पेटी त्याला हवी. पाणी काठोकाठ भरून वर घट्ट झाकण लावले तर पाण्यात राहूनही तो गुदमरेल, कारण त्याला पृष्ठभागावरची हवा लागतेच. झाकण असावे, पण त्याखाली बोटभर हवा मोकळी असावी. त्याला सुमारे २५ ते २७ अंशांचे पाणी मानवते, तर पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. तेव्हा हीटर लागतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून मगच ते पेटीत घालावे. प्रवाह मंद ठेवावा, नाहीतर घरटे मोडते. एका लहान पेटीत दोन नर ठेवू नयेत.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाही. आज मिळणारे झगझगीत निळे किंवा संपूर्ण तांबडे ड्वार्फ गुरामी हे निवडक पैदाशीतून घडवलेले प्रकार आहेत. आग्नेय आशियातील मोठ्या मत्स्यशेतांतून जगभर गेलेल्या या माशांसोबत एक विषाणूही फिरला. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील एका मत्स्यशेतात ‘मरे कॉड’ची पिल्ले मोठ्या संख्येने मेली. त्यांच्यातील विषाणू ड्वार्फ गुरामीतील विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळला. काचपेटी वाटते तेवढी बंद नसते.

हे पुण्याच्या नद्यांनाही लागू आहे, आणि येथे आपली गाठ दुसऱ्या एका कंपनी-नोकराशी पडते. विल्यम हेन्री साइक्स १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढला. १८२४ पासून मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून तो दख्खनभर फिरला. त्या फिरतीत त्याने भीमा, मुळा, मुठा आणि त्यांच्या शेजारच्या नद्यांतील मासे गोळा केले. ‘दख्खनचे मासे’ हा त्याचा निबंध १८३०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे आला. हॅमिल्टनने बंगाली नावांना जसे लॅटिन रूप दिले, तसेच साइक्सने मराठी नावांचे केले. शिंगटीचे ‘सींगटी’, सांडखोलचे ‘सँडखोल’. नाकाडावर टेंगूळ असलेल्या माशाचे ‘नुक्ता’. हा त्याला इंदापूरकडे मिळाला. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या महासीरचे ‘खुद्री’. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या वहीत घाटावरच्या कोळ्यांची बोली अशी उतरली. ज्यांनी ती नावे सांगितली त्यांची नावे मात्र कोठेही नोंदलेली नाहीत.

साइक्सच्या आधी दख्खनने माशांकडे पाहिलेच नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ११२९ च्या सुमाराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात गळाने मासे धरण्याच्या राजविनोदावर एक प्रकरण आहे. माशांचे प्रकार, कोणत्या माशाला कोणते खाद्य घालून जवळ आणावे, हे सारे त्यात आहे. त्या प्रकरणाकडे आधुनिक अभ्यासकांचे लक्ष वेधले ते मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी.

याच होरांनी मिश्रांसह पुण्याच्या माशांवरही लिहिले. १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात फ्रेझर यांची यादी आली. होरा-मिश्रांचा लेख हा तिचा दुसरा भाग. १९६३ मध्ये टोणपी आणि मुल्हेरकर यांची नोंद आली, २००३ मध्ये वाघ आणि घाटे यांचा मुळा-मुठांवरचा निबंध. एका शहराच्या नदीची अशी पावणेदोनशे वर्षांची हजेरीपुस्तके भारतात फार थोड्या ठिकाणी मिळतील. ती एकापुढे एक ठेवून वाचली की पूर्वीच्या यादीतील काही नावे पुढच्या यादीत सापडत नाहीत.

कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. १८७९ मध्ये खडकवासल्याचे धरण पूर्ण झाले, नंतर वरच्या अंगाला आणखी धरणे झाली. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने शहर बदलले, आणि वाढत्या शहराचे सांडपाणी नदीत उतरत राहिले. खुद्रीला खळाळते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि अंडी घालायला गोट्यांचा तळ लागतो. शहरातील मुठेत आज यातले काय उरले आहे, ते लकडी पुलावरून खाली पाहिले तरी कळते. उलट काळवंडलेल्या, प्राणवायू उणावलेल्या पाण्याचा खलसेला जन्माचा सराव. हवा गिळणारे मासे पुण्याच्या नद्यांतही आहेत: मरळ ही खलसेचीच दूरची नातलग, तिचीही नोंद साइक्सने केली होती. पण खुद्रीला असा दुसरा श्वास नाही.

म्हणून घरची पेटी मोडताना ‘जिवंत आहेत, सोडून देऊ नदीत’ हा दयाळू विचार घातक ठरतो. डासांसाठी १९०८ मध्ये गप्पी आणि १९२८ मध्ये गँबुसिया भारतात आणले गेले, खाण्यासाठी १९५२ मध्ये तिलापिया. तिन्ही वेळी हेतू चांगलाच होता. गंगेच्या खोऱ्यातील खलसे भारतीय असला तरी मुठेला तो परकाच. वर त्याच्या अंगातील विषाणूचे काय, हे सोडणाऱ्याला दिसत नाही. नको असलेले मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत किंवा दुकानात परत करावेत.

खुद्रीची कथा मुठेत संपली नाही. १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटा वीज कंपनीच्या तलावांकाठी चं. वि. कुलकर्णी आणि ओगले यांनी तिची कृत्रिम पैदास साधली, आणि तेथील पिल्ले अनेक राज्यांत गेली. याच कुलकर्णींनी १९५२ मध्ये कृष्णेच्या खोऱ्यातील एका छोट्या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन केले होते. हा मासा इतर माशांचे खवले ओरबाडून खातो. त्याचे शास्त्रीय नाव त्यांनी ठेवले ‘निओट्रोपियस खवलचोर’.