'फ्रूटबूटर' : एका हिणकस शब्दाची पूर्वपीठिका

१९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील स्केटबोर्डपटू रोलरब्लेड वापरणाऱ्यांस 'फ्रूटबूटर' म्हणून हिणवीत. ह्या सामासिक शब्दातील उत्तरपद निरुपद्रवी, 'बूटवाला' एवढ्याच अर्थाचे आहे. विष पूर्वपदात आहे. 'फ्रूट' ही समलिंगी पुरुषास उद्देशून अमेरिकन बोलीत रूढ झालेली शिवी होय. चाकांविषयीचा वाद असा पौरुषाच्या कसोटीवर नेण्यात आला.

ह्या तिरस्कारास इतिहासाचा आधार मुळीच नाही. कॅलिफोर्नियातील आरंभीच्या फळ्यांना रोलर-स्केटचीच चाके ठोकलेली असत. फ्रँक नॅसवर्दी ह्याने १९७० नंतर प्रचारात आणलेली पॉलियुरेथेनची चाकेदेखील मुळात भाड्याच्या रोलर-स्केटसाठी बनत होती. आणि ह्याच चाकांनी स्केटबोर्डास, तो मृतप्राय झाला असता, पुनर्जन्म दिला. पुढे मिनेसोटातील रोलरब्लेड कंपनीने एका रांगेतील चाकांचे बूट लोकप्रिय केले, तेव्हा त्याच कठड्यांवर, त्याच पायऱ्यांवर दुसरा दावेदार उभा राहिला. शिवीचे खरे कारण बहुधा हेच असावे. १९९५ च्या पहिल्या एक्स गेम्समध्ये दोन्ही खेळ होते. २००५ पासून रोलरब्लेडवाल्यांस तेथून वगळण्यात आले. तथापि २०२१ साली टोकियोत स्केटबोर्डिंग ऑलिंपिकमध्ये उतरले, ते जुन्या रोलर-क्रीडा महासंघातून २०१७ साली घडलेल्या वर्ल्ड स्केट ह्या संस्थेच्या नियंत्रणाखाली.