शेरेबुकाची कुळकथा

जालना जिल्ह्यात अंबड, परतूर, भोकरदन, कुठल्याही तालुक्यात जा. जिल्हा परिषद शाळेच्या कपाटात एक वही असते. साहेब आले की ती टेबलावर येते, शेरा पडतो, सही होते, वही परत कपाटात. कोणी तिला शेरेबुक म्हणते, कोणी लॉगबुक.

तिचे कूळ इंग्लंडात आहे. तिथे 1862 च्या सुधारित संहितेने ती अनुदानित शाळांना सक्तीची केली. या संहितेचे कर्ते रॉबर्ट लो यांनी सरकारी अनुदान मुलांच्या हजेरीला आणि परीक्षेच्या निकालाला बांधले होते. मुख्याध्यापकाने वहीत नेमाने नोंद करायची: कोण आजारी, कोण रुजू, कोणाला ताकीद. आणि अट अशी, की सर्वसाधारण स्वरूपाचे विचार किंवा मते या वहीत लिहायची नाहीत. शाळा चालवणाऱ्याने विचार करायचाच तर तो वहीबाहेर!

इंग्लंडात ही वही आली तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होते. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या, 1 मे 1981 ला जालना वेगळा जिल्हा झाला. शिक्के बदलले, इथल्या वहीचा स्वभाव बदलला नाही. वरच्याने लिहायचे, खालच्याने वाचायचे. याच जिल्ह्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थांनी दासबोधात महंताला एकांतात विवेक करायला किती वेळा सांगितले आहे, ते कोणाला आठवत नसावे.

आपल्या कामाकडे वळून पाहणे हा कामाचाच भाग आहे, हे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी 1983 साली पुस्तकभर मांडले. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये सुरू केलेल्या ‘सृजन आनंद’ शाळेतले अनुभव तपासत पुस्तके लिहिली. सरकारलाही उशिरा का होईना हे पटले. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाने शिक्षकाच्या हाती नोंदी दिल्या. पण लवकरच तयार वर्णनात्मक नोंदींच्या याद्या व्हॉट्सअॅपवर फिरू लागल्या. मग ‘शाळासिद्धी’ आली. सात क्षेत्रे, 46 मानके, शाळेने स्वतःच स्वतःला तपासायचे. कल्पना चांगलीच, पण स्वतःला दिलेली श्रेणी वरच्यांना दिसणार म्हटल्यावर कमी श्रेणी कोण लिहील?

म्हणून जालन्यातल्या मुख्याध्यापकांना एक विनंती. केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेला माहितीचे तक्ते न्याच, सोबत आपल्या हाताने लिहिलेले एक पान न्या: या महिन्यात शाळेत काय जमले नाही आणि का. आणि केंद्रप्रमुखांनी कृपा करून त्यावर शेरा मारू नये.