उतरा, पाहा आणि पुन्हा गाडी धरा



परदेशांतल्या मोठ्या शहरांत प्रवाशांसाठी एक गंमतीची गाडी असते. एकदा तिकीट काढायचे आणि गाडीत बसायचे. वाटेत राजवाडा आला, आवडला, की उतरायचे. तासभर हिंडून पाहायचे. तेवढ्यात मागून त्याच कंपनीची दुसरी गाडी येते, तिच्यात चढायचे आणि पुढच्या ठिकाणी पुन्हा उतरायचे. तिकीट तेच, वेळ आपल्या मर्जीची. लंडन शहरात 1951 साली मोठा महोत्सव भरला होता, तेव्हा पाहुण्यांना शहर दाखवणाऱ्या बसगाड्या फिरू लागल्या. पुढे दिवसभराच्या तिकिटावर चढण्या-उतरण्याची ही तऱ्हा जगभर पसरली. आपल्या दिल्लीतही 2010 साली अशी गाडी निघाली. मुंबईत वरून उघडी अशी दुमजली ‘नीलांबरी’ 1997 पासून 2023 पर्यंत लोकांना शहर दाखवीत होती.

तुम्ही म्हणाल, हे सगळे शहरवाल्यांचे चोचले. आमच्या जळकोटला अशी गाडी कुठून येणार?

मी म्हणतो, ती आलेलीच आहे. तिचा रंग लाल आहे, आणि तिला आपण एस.टी. म्हणतो. ‘आवडेल तेथे प्रवास’ नावाची योजना एस.टी.ने 1988 साली काढली. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास एकदाच पैसे भरून घ्यायचा आणि त्या मुदतीत हवे तेथे उतरायचे, हवे तेथे चढायचे. पासाचा दर वेळोवेळी बदलतो, तो आगारात विचारून घ्यावा. आणि पास नसला तरी काय बिघडले? दोन गावांमध्ये दोन तिकिटे काढली, की झाले. अडचण गाडीची नाहीच. आपण बाजाराला उतरतो, दवाखान्याला उतरतो, कोर्टाच्या तारखेला उतरतो. पण गाव पाहायला म्हणून आपण उतरत नाही, ही खरी अडचण आहे.

आधी या गाडीचाच इतिहास थोडा ऐका, कारण तोही आपल्या मुलखाचाच इतिहास आहे. हैदराबाद संस्थानात 1932 साली निजामाच्या रेल्वेखात्याने सरकारी मोटारगाड्या सुरू केल्या. सुरुवातीला गाड्या होत्या 27 आणि नोकरमाणसे 166. तिकडे मुंबई राज्यात एस.टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला धावली. त्या दिवशी आपल्याकडे मात्र निजामाचीच सत्ता होती. आपण मोकळे झालो ते त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, 17 सप्टेंबरला. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची नवी मांडणी झाली. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तोवर बिदर जिल्ह्यात होते. ते उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले, आणि बिदर पलीकडच्या राज्यात राहिले. मराठवाड्याच्या सरकारी गाड्या 1961 साली महाराष्ट्राच्या एस.टी. महामंडळात सामील झाल्या. 1982 साली लातूर जिल्हा झाला. 1999 साली जळकोट तालुका झाला.

आता पाहा, काय झाले. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या वाडवडिलांना जिल्ह्याच्या कामासाठी बिदरची वाट धरावी लागे. त्यांच्या मुलांना उस्मानाबादची आणि नातवांना लातूरची वाट धरावी लागली. कचेरीची वाट बदलली, की गाडीवरचा फलक बदलतो, आणि शाळेतल्या पुस्तकातला नकाशाही बदलतो. मुलांना शिकवतो तो ‘आपला जिल्हा’. त्या जिल्ह्याच्या रेघेपलीकडचे कंधार मग परके होते आणि बिदर तर परराज्यच होते. पण जुना इतिहास या रेघा ओळखत नाही. तो रस्त्याने चालत आलेला आहे. नांदेड, कंधार, जळकोट, उदगीर, बिदर ही नावे एका दमात म्हणून पाहा. मधले आपले गाव सोडले, तर या ओळीत प्रत्येक ठिकाणी किल्ला आहे. बहामनी राज्य मोडकळीला आले, तेव्हा कासीम बरीद नावाचा सरदार बिदरला प्रबळ झाला. कंधार, उदगीर आणि औसा हे किल्ले त्याच्या हाती होते, ते उगीच नव्हे. बिदरचा धनी व्हायचे, तर या वाटेवरचे किल्ले हाती हवेत, असा तो हिशेब होता.

चला तर, पहिल्या दिवशी दक्षिणेची गाडी धरू आणि उदगीरला उतरू. नेहमी आपण येथे गाडी बदलतो आणि लातूरकडे निघतो. आज तसे करायचे नाही. किल्ल्यात जायचे. किल्ल्याच्या आत उदयगिरी ऋषींची समाधी दाखवतात. गावाला नाव त्यांच्यावरून मिळाले, असे लोक मानतात. 1636 साली शहाजहानच्या फौजेने हा किल्ला घेतला. पण शाळेतल्या मुलाला सांगायचे ते 1760 सालचे. त्या वर्षी फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी याच मुलखात निजामाच्या फौजेला कोंडीत धरले. मराठ्यांच्या बाजूने तोफखाना चालवीत होता इब्राहीमखान गारदी. हा माणूस पूर्वी निजामाच्याच चाकरीत होता. निजामाने हार खाल्ली. सुमारे 60 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबादेसारखा किल्ला पेशव्यांना मिळाला. या विजयाने भाऊंचे नाव एवढे मोठे झाले, की अब्दालीवर धाडायला तोच सेनापती योग्य ठरला. वर्ष पुरे व्हायच्या आत, 14 जानेवारी 1761 रोजी, पानिपतावर भाऊही गेले आणि इब्राहीमखानही गेला. पानिपत आपल्यापासून किती लांब! पण पानिपताकडे जाणारी वाट उदगीरवरून गेली, हे आपल्या मुलांना कोणी सांगितले आहे काय?

दुसऱ्या दिवशी उत्तरेची गाडी. कंधारला उतरा. येथला किल्ला डोंगरावर नाही, सपाटीवर आहे. त्याचे रक्षण करायला भोवती रुंद खंदक आहे. पण कंधारचे खरे मोठेपण किल्ल्याहूनही जुने आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी, दहाव्या शतकात, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण ‘कंधारपुरवराधीश्वर’ म्हणजे कंधार या श्रेष्ठ नगराचा स्वामी, असे बिरुद मिरवीत असे. हे राष्ट्रकूट आपले मूळ गाव लट्टलूर सांगत. लट्टलूर म्हणजे आपले लातूर. कंधारला त्या काळचा शिलालेख सापडला आहे. त्यातून देवळांनी आणि बाजारांनी गजबजलेले एक नगर डोळ्यांपुढे उभे राहते. जगत्तुंग समुद्र हे तिथल्या मोठ्या तलावाचे नाव. तलावाला समुद्र म्हणण्याची हौस तुम्हा-आम्हाला हसण्यासारखी वाटेल. पण ज्या मुलखात मृग कोरडा गेला की काळजात धस्स होते, तिथे साठवलेल्या पाण्याला समुद्र म्हणणारा माणूस शहाणाच म्हटला पाहिजे. एका प्रचंड मूर्तीचे भग्न अवयवही येथे सापडले आहेत. ते दगडी पाऊल पाहिले, की मूर्ती उभी असताना केवढी असेल, याचा हिशेब मुले आपोआप करू लागतात. गणिताचा तास तिथेच होऊन जातो.

कंधारहून पुढची गाडी नांदेडची. नांदेड म्हणजे गोदावरी, आणि नांदेड म्हणजे गुरू गोविंदसिंग. गुरुजी 1708 साली येथे आले. येथेच माधोदास नावाचा बैरागी त्यांना भेटला आणि पुढे बंदा बहादूर म्हणून पंजाबात गाजला. त्याच वर्षी येथेच गुरुजींनी देह ठेवला. आपल्यामागे ग्रंथालाच गुरू माना, अशी आज्ञा त्यांनी दिली. सचखंड गुरुद्वाराची आजची इमारत महाराजा रणजितसिंगांच्या काळात, 1832 ते 1837 या वर्षांत उभी राहिली. पंजाबातून माणसे दीड-दोन दिवसांचा प्रवास करून येथे येतात. गुरुद्वारांचे दर्शन घडवणाऱ्या गाड्यांत बसून ती नगिनाघाट, बंदाघाट, शिकारघाट अशा एकेका ठिकाणी उतरतात, माथा टेकतात आणि पुन्हा गाडीत बसतात. प्रारंभी सांगितलेली लंडनची तऱ्हा ती हीच. फरक इतकाच, की ही माणसे श्रद्धेने उतरतात. आपण नांदेडला जातो, ते दवाखान्याचे काम उरकले की परतीची गाडी गाठतो.

गुरुजनहो, आता दोन शब्द खास तुमच्याशी. दरवर्षी शाळेची सहल निघते. ती वेरूळ-अजिंठ्याला जाते, हे चांगलेच आहे. पण त्याआधी एक सहल या वाटेवर काढून पाहा. खर्च थोडा, अंतर थोडे. प्रत्येक ठिकाणी उतरल्यावर मुलांना तीनच प्रश्न विचारा. येथे पाणी कोठून येत होते? धान्य कोठे साठवीत होते? आणि येथून वाट कोठे जात होती? राजांची नावे आणि सनावळ्या मुले विसरतील. पण या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याने स्वतः शोधली, तो कोणत्याही किल्ल्यात गेला तरी आंधळ्यासारखा हिंडणार नाही. एक व्यवहाराची गोष्ट मात्र विसरू नका. उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ नियंत्रकाला विचारून फळ्यासारखी मनावर लिहून ठेवा.

हे सारे आताच का सांगायचे? कारण दगड बोलत नाहीत, आणि आपल्याकडे त्यांच्या वतीने बोलणारी माणसे थोडी आहेत. ज्या चिऱ्याचे मोल गावाला ठाऊक नसते, तो चिरा एक दिवस कोणाच्या तरी गोठ्याच्या भिंतीत जातो. अक्षरे असलेला दगड धुणे धुवायला वापरला जातो. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. कोणी सांगितलेले नसते, एवढेच. तेव्हा सांगणारा तयार व्हायला हवा, आणि तो लातूर-मुंबईहून येणार नाही. तो तुमच्याच चौथी-सातवीच्या वर्गात बसलेला आहे.

गाडी रोजच जाते. घंटी मारणारा वाहकही रोजचाच आहे. पुढच्या खेपेस कंधारचे किंवा उदगीरचे काम निघाले, तर दोन तास आधी निघा, एखादे मूल बरोबर घ्या, आणि काम झाल्यावर लगेच परतीची गाडी धरू नका.