त्वरणमापक (वाहनांच्या टक्कर-चाचणीतील)

टक्कर-चाचणीत गाडीच्या आणि तिच्यातील डमीच्या (मानवी पुतळ्याच्या) वेगात क्षणोक्षणी होणारा बदल मोजणारा संवेदक. ताशी ६४ कि.मी. वेगाची गाडी ०.१ सेकंदात थांबली, तर सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या (जी) सुमारे १८ पट भरते. क्षणिक शिखरे त्याहून कितीतरी उंच जातात.

संवेदकात सिलिकॉनच्या बारीक पट्टीला जोडलेले चिमुकले वस्तुमान असते. धक्का बसला की आवरण गाडीबरोबर हलते, वस्तुमान जडत्वामुळे मागे राहते आणि पट्टी वाकते. तिच्यावरील रोधकांचा रोध त्यामुळे बदलतो व व्हीटस्टन सेतूतून त्वरणाच्या प्रमाणात व्होल्टेज मिळते. जडत्वाचे हेच तत्त्व भूकंपमापकातही असते.  

दाबविद्युत स्फटिकाचे संवेदक कंपने मोजण्यास उत्तम, पण टक्करीत अनेकदा बेभरवशाचे ठरतात. त्यांतील विद्युतभार झिरपतो आणि धातूवर धातू आदळला की शून्यरेषा सरकू शकते. ती जराशी सरकली, तरी त्वरणाच्या समाकलनातून काढलेला वेग चुकतो. म्हणून येथे रोध बदलणारे संवेदक पसंत करतात.

डमीच्या डोक्यात गुरुत्वमध्याशी तीन परस्परलंब दिशांचे संवेदक असतात. छाती, कटिभाग आणि गाडीच्या मधल्या खांबाचा तळ याही नेहमीच्या जागा आहेत. समोरील टक्करीच्या एआयएस-०९८ या भारतीय मानकात डोक्याच्या इजेचा निर्देशांक १,००० च्या आत असावा आणि ८० जीपेक्षा जास्त त्वरण ३ मिलिसेकंदांहून अधिक टिकू नये, अशी अट आहे. १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही मानके प्रसिद्ध करते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप या वाहनसुरक्षा मूल्यांकन कार्यक्रमातील तारांकनही अशाच नोंदींवर उभे असते.

खरी कसोटी बसवणीची. संवेदक सैल किंवा पातळ पत्र्यावर बसला, तर गाडीऐवजी पत्र्याचीच थरथर नोंदली जाते. आयएसओ ६४८७ नुसार डोक्याच्या नोंदीला १००० आणि सांगाड्याच्या एकूण हालचालीला ६० या वर्गाची वारंवारता-गाळणी लावतात. वर्ग चुकला तर शिखराची उंचीच बदलते. शेवटी खांबावरील नोंदीचे समाकलन करून ताळा पाहतात: निघालेला वेगबदल धडकेचा वेग आणि मागे उसळण्याचा वेग यांच्या बेरजेशी जुळायला हवा. जुळला नाही, तर ती नोंद निष्कर्षासाठी वापरू नये.