निकालाच्या दिवशी मुलाचे वय

बाळंतपणात झालेली इजा मुलाला जन्मभर पुरते, हे वैद्यकात ठामपणे मांडले ते लंडनच्या विल्यम जॉन लिटल या शल्यविशारदाने. कठीण प्रसूती, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मताच श्वास कोंडणे यांचा मुलांच्या ताठर हातापायांशी संबंध आहे, असे त्याने 1861 साली तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या सभेपुढे सांगितले. आज आपण ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतो, ती अवस्था पुढे बरीच वर्षे ‘लिटलचा रोग’ म्हणूनच ओळखली जाई. 1897 मध्ये सिग्मंड फ्रॉइडने उलटी शंका काढली. त्या काळात तो मज्जाविकारांचा अभ्यास करत असे. मुळात गर्भातच काही बिघडले असेल आणि कठीण प्रसूती हे त्याचेच एक लक्षण असेल, असे त्याचे म्हणणे.

हा वाद न्यायालयात अजून मिटलेला नाही. पालकांचा वकील लिटलच्या बाजूने बोलतो, रुग्णालयाचा वकील फ्रॉइडच्या. डॉक्टरची चूक झाली एवढे दाखवून भागत नाही. त्याच चुकीने ही इजा झाली, हेही सिद्ध करावे लागते. या विषयावरची निकालपत्रे वाचताना मी दोन गोष्टी शोधत गेलो: भरपाई किती मिळाली, आणि ती मिळाली त्या दिवशी मूल किती वर्षांचे होते.

इंग्लंडमधला एक खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. जानेवारी 1970 मध्ये बर्मिंगहॅमला एक मुलगा मेंदूला इजा होऊन जन्मला. डॉक्टरांनी चिमटा लावून फार वेळ आणि फार जोराने ओढले, असा आरोप होता. पहिल्या न्यायालयाने एक लाख पौंड दिले. अपील न्यायालयाने निकाल फिरवला आणि डिसेंबर 1980 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने तोच कायम केला: निष्काळजीपणा सिद्ध झालेला नाही. मुलगा अकरावे वर्ष पुरे करत होता. हाती काहीच आले नाही. त्याच्या गरजा मात्र निकालाच्या आदल्या दिवशी होत्या तेवढ्याच दुसऱ्या दिवशीही होत्या. दोष ठरला तर सगळे, नाही ठरला तर शून्य, अशी ही पद्धत आहे.

आपल्याकडे या कायद्याचा पाया घातला गेला तो पुण्याच्या एका खटल्यात. 1953 च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला आणले, पण उपचार सुरू असताना तो दगावला. वडील न्यायालयात गेले. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना आणि तो उपचार देताना, या तिन्ही वेळी वाजवी काळजी. वडिलांना 3,000 रुपये मंजूर झाले, पंधरा वर्षांनी. ही तीन कर्तव्ये आजच्या निकालांतही उद्धृत होतात.

दिवाणी दाव्याची ही वाट सामान्य माणसाला परवडणारी नव्हती. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दुसरी वाट काढली. तरी डॉक्टरची सेवा ही ‘सेवा’ आहे का, हा वाद दहाएक वर्षे चालला. 13 नोव्हेंबर 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या निकालात तो मिटवला. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा कायद्याखाली आली. सर्वांनाच पूर्णपणे मोफत सेवा देणारी रुग्णालये बाहेर राहिली.

मग मुलांचा प्रश्न पुढे आला. स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या खटल्यात टायफॉईडसाठी दाखल केलेल्या लहान मुलाला परिचारिकेने चुकीचे इंजेक्शन दिले. हृदय बंद पडले, मेंदूची कायमची हानी झाली. पालक स्वतः रुग्ण नाहीत, मग ते ग्राहक कसे, असा युक्तिवाद रुग्णालयाने केला. मार्च 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: मूलही ग्राहक आणि आईबापही. मुलासाठी साडेबारा लाख आणि पालकांच्या मनस्तापासाठी वेगळे पाच लाख, हा राष्ट्रीय आयोगाचा आदेश कायम राहिला. अशा मुलाबरोबर आणखी दोन आयुष्ये बांधली जातात, हे इथे कायद्याच्या हिशेबात आले.

त्याच सुमारास चेन्नईचा एक खटला सुरू होत होता. ऑगस्ट 1996 मध्ये एग्मोरच्या सरकारी रुग्णालयात एक मुलगी 29 व्या आठवड्यात जन्मली; वजन 1,250 ग्रॅम. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलातील रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. पहिल्या काही आठवड्यांत डोळे तपासले तर उपचार करता येतो. तो काळ गेला की गेलाच. ती तपासणी झाली नाही आणि मुलगी आंधळी झाली. राष्ट्रीय आयोगाने पाच लाख दिले. 1 जुलै 2015 रोजी न्या. शरद बोबडे, आपल्या नागपूरचे, यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या खर्चासाठी 1 कोटी 38 लाख आणि झालेल्या खर्चापोटी 42 लाखांहून अधिक रक्कम मंजूर केली. आजचा खर्च उद्या तेवढाच राहणार नाही, म्हणून भरपाई ठरवताना महागाई धरली पाहिजे, हे न्यायालयाने स्पष्टपणे सांगितले. माझ्या मते या निकालाचे खरे महत्त्व इथे आहे. डॉक्टरने काय केले एवढ्यावर न थांबता हे मूल उरलेले आयुष्य कसे काढणार, हा प्रश्न न्यायालयाने रुपयांत सोडवून पाहिला.

पण त्या दिवशी मुलगी अठरा वर्षांची होती. तिचे बालपण आईवडिलांनी स्वतःच्या खिशातून निभावले होते.

पुराव्याची अडचण तर मला सर्वांत बोचते. प्रसूतिगृहात काय घडले, हे सांगणारा एकच साक्षीदार असतो: केसपेपर. तो रुग्णाला मिळालाच पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्ये सांगितले. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनी मागणीनंतर 72 तासांची मुदतही घातली. मात्र त्याच नियमांनुसार हे कागद तीन वर्षेच जपणे बंधनकारक आहे. उलट मुदतीच्या कायद्यानुसार अज्ञान मुलाच्या दिवाणी दाव्याची मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजली जाते. म्हणजे मुलाचा हक्क विशी गाठतो आणि पुरावा बालवाडीतच संपू शकतो. मूल बसत नाही, मान धरत नाही, हे कळायला, मग डॉक्टरमागून डॉक्टर करायला घरच्यांचे पहिले दीड-दोन वर्ष जाते. ग्राहक आयोगाची मुदत दोनच वर्षांची.

जपानने जानेवारी 2009 पासून वेगळी वाट धरली. प्रसूतीशी निगडित तीव्र सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलाला, निकषांत बसत असल्यास, एकूण 3 कोटी येन मिळतात: 60 लाख सुरुवातीला आणि पुढे वीस वर्षे दरसाल 12 लाख. डॉक्टरचा दोष सिद्ध करावा लागत नाही. विम्याचा हप्ता प्रसूतिगृहे भरतात. प्रत्येक घटनेची तज्ज्ञांकडून छाननी होते आणि अहवाल पालकांना व रुग्णालयाला दिला जातो, म्हणजे तीच चूक पुन्हा होऊ नये. जन्मजात दोषामुळे आलेले अपंगत्व त्यात बसत नाही. लिटल आणि फ्रॉइडची भांडणे तिथेही थोडी उरलीच.

आपल्याकडे अशी योजना येईल तेव्हा येवो. बाळंतपणाचे आणि नवजात बाळाचे कागद मूल एकवीस वर्षांचे होईपर्यंत जपावेत, एवढा बदल तर नियमातल्या एका ओळीने होईल. त्याला ना नवा कायदा लागतो, ना कोटींची तरतूद.