गल्ल्याचें यंत्र आणि विक्रेत्यांची शाळा

विक्रेता जन्मावा लागतो, तो घडवितां येत नाहीं, असा समज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेंतील व्यापारी वर्गांत दृढमूल होता. ज्याच्या जिभेवर साखर आणि पायाला चक्र, तो माल खपवी. ज्याला तें साधत नसे, तो महिन्या-दोन महिन्यांत दुसरा धंदा पाही. अशा माणसाला जवळ बसवून शिकवावें, ही कल्पना मालकांना फारशी सुचत नसे. या समजाला पहिला मोठा धक्का दिला तो ओहायओ राज्यांतील डेटन शहरच्या जॉन हेन्री पॅटर्सन यानें. आणि त्याला तो द्यावा लागला तो अशा एका वस्तूपायीं, जी कोणालाही विकत घ्यावीशी वाटत नव्हती.

ती वस्तु म्हणजे गल्ल्यावरील पैशांची नोंद ठेवणारें यंत्र, अर्थात् कॅश रजिस्टर. डेटनमधील जेम्स रिटी नांवाच्या मद्यगृहाच्या मालकानें तें काढलें. त्याच्या दुकानांत गिऱ्हाइकांची वर्दळ असूनही गल्ला भरत नसे. पैसे वाटेंतच नोकरांच्या खिशांत उतरत. युरोपच्या प्रवासांत आगबोटीच्या पंख्याचे फेरे मोजणारें एक उपकरण त्याच्या दृष्टीस पडलें. पंख्याचे फेरे मोजतां येतात, तर विक्री कां मोजतां येऊं नये, असा विचार त्याच्या मनांत आला, आणि भावाच्या मदतीनें त्यानें १८७९ सालीं आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें. यंत्र चांगलें होतें. धंदा मात्र चालला नाहीं.

पॅटर्सन हा मूळचा कोळशाचा व्यापारी. खाणीजवळ त्याचें एक दुकान होतें. त्यांत विक्री भरपूर, पण नफ्याच्या जागीं तोटा! तेथें त्यानें अशीं दोन यंत्रें बसविलीं आणि तोटा थांबला. या अनुभवावर भिस्त ठेवून त्यानें १८८४ सालीं ६,५०० डॉलर देऊन तो सारा धंदाच विकत घेतला. गांवांत हंसें झालें. दुसऱ्याच दिवशीं तो २,००० डॉलर सोडून द्यावयास तयार झाला होता, परंतु विकणाऱ्यानें व्यवहार मोडण्यास साफ नकार दिला, अशी आख्यायिका आहे.

यंत्र खपविणें कठीण कां होतें, हें ज्यांनीं कधीं दुकान चालविलें असेल त्यांना सांगावयास नको. मालकाला वाटे, लांकडी पेटी असतां हा खर्च कशाला? नोकराला वाटे, हा आपल्यावर बसविलेला मुका पहारेकरी आहे. आपल्याला चोर ठरविल्याचा हा जाहीरनामाच आहे. डेटनहून आलेलीं पत्रकें नोकरच परस्पर फाडून टाकीत, म्हणून कंपनीला साध्या, निनांवी पाकिटांतून तीं पाठवावीं लागत. अशा मालाच्या विक्रीस केवळ गोड जीभ पुरी पडणारी नव्हती.

पॅटर्सनच्या विक्रेत्यांत त्याचा मेहुणा जोसेफ क्रेन हा सर्वांत यशस्वी होता. तो प्रत्येक दुकानदारापुढें तेंच बोलणें, त्याच क्रमानें बोलत असे. पॅटर्सननें त्याच्याकडून तें सारें लिहून घेतलें आणि १८८७ सालीं त्याची एक लहानशी पुस्तिका छापली. दुकानदाराची भेट कशी घ्यावी, त्याच्यापुढें प्रस्ताव कसा मांडावा, यंत्र कसें दाखवावें आणि शेवटीं सौदा कसा पुरा करावा, असे तिचे टप्पे होते. यंत्राचें प्रात्यक्षिक दुकानाच्या गर्दींत न दाखवितां शक्य तर हॉटेलांतील खोलींत दाखवावें, असाही उपदेश होता. ही पुस्तिका प्रत्येक विक्रेत्यानें मुखोद्गत केली पाहिजे, असा दंडक निघाला. जुने विक्रेते चिडले. आपण कांहीं पोपट नव्हे, असें त्यांना वाटलें. पाठांतराविरुद्धची ही तक्रार शाळेंतल्या मुलांचीही असते आणि ती सर्वस्वीं खोटी नसते. परंतु या पुस्तिकेचें मर्म तिच्या शब्दांत नव्हतें. यंत्राची थोरवी न गातां दुकानदाराच्या स्वत:च्या तोट्याविषयीं बोलावें, हा तिचा रोख होता. हें एकदां अंगीं मुरलें म्हणजे शब्द आपोआप सुचत.

१८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनांत पॅटर्सनला दिसून आलें कीं, आपल्याच माणसांना आपलें यंत्र नीट समजावून सांगतां येत नाहीं. पुस्तक हातीं देणें आणि शिकविणें यांतील अंतर त्याच्या तेव्हां ध्यानांत आलें. पुढील वर्षीं डेटन येथें विक्रेत्यांची शाळा सुरू झाली. तेथें एकानें दुकानदार व्हावें, दुसऱ्यानें विक्रेता व्हावें आणि बाकीच्यांनीं चुका काढाव्या, अशी तालीम चाले. पुढें तर त्यासाठीं खोट्या मालानें भरलेलीं नकली दुकानेंही उभारलीं गेलीं.

तथापि शाळेइतकीच, किंबहुना तिच्याहूनही अधिक महत्त्वाची अशी पॅटर्सनची एक व्यवस्था होती. प्रत्येक विक्रेत्यास त्यानें ठराविक मुलूख तोडून दिला. त्या मुलखांत यंत्र कोणीही विकलें, तरी त्याचें कमिशन त्या मुलखाच्या धन्यालाच मिळे. आणि किती विक्री व्हावी याचा आंकडाही मुलखागणिक ठरविलेला असे. जो शेजाऱ्याचें गिऱ्हाईक पळवितो त्याला आपली युक्ति शेजाऱ्याला शिकविण्याची इच्छा कशी होणार? मुलूख निश्चित झाल्याबरोबर ती भीति उरली नाहीं, आणि एका विक्रेत्याचें कसब दुसऱ्यापर्यंत पोंचण्याची वाट मोकळी झाली.

ही वाट प्रत्यक्षांत कशी चालली, याचें उत्तम उदाहरण बफेलो शहरांत घडलें. थॉमस वॉटसन नांवाचा बावीस वर्षांचा तरुण १८९६ सालीं तेथें होता. पियानो व शिवणयंत्रें विकून त्याचे दिवस चालले होते. त्यानें खाटिकाचें एक दुकान काढलें, तेंही बुडालें. दुकानांतील कॅश रजिस्टरचे हप्ते नव्या मालकाच्या नांवावर करण्यासाठीं तो कंपनीच्या कचेरींत गेला आणि तेथें त्यानें नोकरी मागितली. शाखेचा प्रमुख जॉन रेंज यानें त्याला एकदां नव्हे, अनेकदां परत पाठविलें, अखेर घेतलें. पहिल्या कांहीं दिवसांत वॉटसनकडून एकही यंत्र विकलें गेलें नाहीं. हात हलवीत परत आल्यावर रेंजनें त्याला असें कांहीं फैलावर घेतलें कीं, त्या तरुणानें मनांतल्या मनांत राजीनामा देण्याचें ठरविलें.

येथवरची गोष्ट कोणत्याही कचेरींत घडते. पुढची क्वचित् घडते. राग ओसरल्यावर रेंजचा सूर पालटला. आपण दोघे मिळून जाऊं, पडलों तर दोघेही पडूं, अशा अर्थाचें तो बोलला, आणि खरोखरच त्या नवशिक्याबरोबर दुकानोदुकानीं फिरूं लागला. वॉटसननें रेंजला बोलतांना पाहिलें, गिऱ्हाईक कोठें अडतें आणि कोठें वळतें हें पाहिलें. आखाड्याबाहेर उभा राहून ओरडणारा वस्ताद निराळा आणि लंगोट कसून मातींत उतरणारा निराळा. पुस्तिका बफेलोच्या कचेरींत आधींपासूनच होती. वॉटसनला उभें केलें तें रेंजच्या सोबतीनें. तीन वर्षांत, १८९९ सालीं, तो स्वत: रॉचेस्टर येथील शाखेचा प्रमुख झाला.

पॅटर्सनचें चरित्र मात्र येथें दुभंगतें. ज्यानें विक्रीचें शास्त्र केलें, त्याचा स्वभाव लहरी व निरंकुश होता. उत्तम माणसें तो जमवी, घडवी आणि एखाद्या सकाळीं विनाकारण काढून टाकी. एका अधिकाऱ्याला कामावर परततांना आपलें टेबल आवारांत जळत असलेलें दिसलें, असें सांगतात. प्रतिस्पर्ध्यांच्या बाबतींत तर विधिनिषेधच उरला नाहीं. जुन्या यंत्रांच्या बाजारांतील प्रतिस्पर्धी नाहींसे करण्यासाठीं कंपनीनें गुप्तपणें स्वतंत्र दुकानें काढलीं, आणि हें काम सोंपविलें तें वॉटसनवर. सारे परस्पर विश्वासानें बांधलेले, पण तो विश्वास कंपनीच्या कुंपणापुरताच! १९१३ च्या फेब्रुवारींत मक्तेदारीविरोधी कायद्याखालीं पॅटर्सन, वॉटसन आणि इतर अनेक अधिकारी दोषी ठरले. दुसऱ्याच महिन्यांत डेटन शहर महापुरांत बुडालें. त्या संकटांत पॅटर्सननें कारखान्याचीं दारें निराश्रितांना उघडून दिलीं, तेथें होड्या बांधविल्या, आणि कालचा गुन्हेगार शहराचा तारणहार ठरला. १९१५ सालीं वरिष्ठ न्यायालयानें ती शिक्षा रद्द केली. दोन्ही पॅटर्सन खरे होते, हें मान्य करणें चरित्रकारांना नेहमींच जड गेलें आहे.

तोपर्यंत वॉटसनही मालकाच्या मर्जींतून उतरून बाहेर पडला होता. चाळिशीचें वय, घरीं नुकतेंच जन्मलेलें मूल आणि डोक्यावर तुरुंगाची टांगती तलवार, अशा स्थितींत १९१४ सालीं त्याला न्यूयॉर्कमधील एका डळमळीत कंपनीचा कारभार मिळाला. तराजू, घड्याळें आणि छिद्रांकित पत्त्यांवर चालणारीं गणनयंत्रें ती कंपनी बनवीत असे. डेटनची शाळा, मुलूख, विक्रीचे आंकडे, हें सारें तो बरोबर घेऊन आला. एकट्यानें गाजविण्याची पॅटर्सनची हांवही थोडीबहुत आलीच. १९२४ सालीं तिचें नांव इंटरनॅशनल बिझिनेस मशीन्स असें झालें. रेंजनें बफेलोमध्यें केलेली कानउघाडणी आणि त्यानंतरची ती दुकानोदुकानींची फेरी यांची हकीगत वॉटसन पुढें स्वत: सांगत असे.